आधी भोक, मग पेच

आमच्या मशिदीचा जुना लाकडी जनाजा मोडीत काढायचा विषय निघाला, तेव्हा कमिटीत दोन मते पडली. काहींचे म्हणणे, लाकूड विकून पैसे मशिदीच्या खात्यात जमा करावेत. इतरांचे म्हणणे, ज्या लाकडावरून मोहल्ल्याच्या तीन पिढ्या कब्रस्तानात गेल्या, ते वखारीत कसे टाकायचे? शेवटी असे ठरले की लाकूड मशिदीतच राहावे आणि त्यातून मक्तबच्या मुलांचे सिपारे ठेवायला एक मांडणी करून घ्यावी. काम माझ्याकडे आले. मी सुतार नाही. पस्तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. पण मोहल्ल्यात माणूस बापाच्या धंद्यावरून ओळखला जातो. मी तिथे अजून 'मेस्त्रींचा पोरगा'च आहे आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

अशा रीतीने चार सागवानी दांड्या, काही फळ्या आणि दोन पट्ट्या आमच्या मिरजेच्या घराच्या ओसरीत येऊन पडल्या. मुलगी पुण्याहून रजेवर आली होती. ती इंजिनिअर आहे. येताना तिने बॅटरीवर चालणारे ड्रिल मशीन आणले होते. मी फळ्यांना रंधा मारून त्या मापाने कापून दिल्या. तिने एक फळी दांडीवर धरली, मशीनच्या तोंडात स्क्रू अडकवला आणि घोडा दाबायला बोट नेले.

"थांब," मी ओरडलोच. "आधी भोक पाड."

"कशाला? मशीनला जोर आहे पप्पा, सरळ आत जाईल."

आमचे घरातले बोलणे दखनीत असते. इथे ते मराठीत लिहितो आहे. अब्बांची दोन-चार वाक्ये मात्र आहेत तशीच ठेवणार आहे, कारण ती मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत ऐकू येत नाहीत.

मुलीचे म्हणणे चूक नव्हते. हल्ली फर्निचर करणारी पोरे काळे स्क्रू असेच मशीनने आत घालतात. प्लायवूडच्या पोटात ते खपून जाते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची चीर दुसरा थर अडवतो. पण कडेकडून, थरांच्या फटीत स्क्रू घातला तर प्लायवूडही फुगते आणि थर सुटतात. आणि तोच काळा स्क्रू जुन्या सागात किंवा बाभळीत नुसत्या जोरावर घातला तर कधी लाकूड फुटते, कधी स्क्रूच मानेपाशी मोडतो. कडक पोलाद वाकण्याआधी तुटते. हे सगळे मी तिला विज्ञानाच्या मास्तरासारखे सांगू शकलो असतो. पण 'थांब' हा शब्द माझ्या तोंडून मास्तर म्हणून निघाला नव्हता. तो 1984 सालातून आला होता.

अब्बांचे दुकान दर्ग्यापासून फार लांब नव्हते. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचे छप्पर, मागे एक अंधारी खोली. दारे, खिडक्या, चौकटी, पाट, पाळणे, शाळेचे बाक अशी सगळी कामे. ते धंदा एका मराठी सुतार मेस्त्रींच्या हाताखाली शिकले होते. त्यामुळे बोलणे दखनीत, पण हत्यारांची नावे सगळी मराठी: रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, गिरमिट, सामता. माप सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मी शाळेत मिलिमीटर शिकून यायचो, अब्बा सुतात बोलायचे, आणि दोघांचा हिशेब शेवटी एकच यायचा.

सामता आताच्या मुलांनी पाहिलेला नसेल. लाकडी दांडीच्या टोकाला पोलादी पाते, वर सुटी फिरणारी मूठ. कमानीच्या दोरीचा एक वेढा दांडीला घालायचा, एका हाताने मूठ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने कमान करवतीसारखी पुढेमागे ओढायची. दांडी गरगर फिरते आणि पात्याच्या कडेने पिवळसर भुसा वर येतो. लहानपणी माझे काम कमान ओढण्याचे. अब्बा मूठ सरळ धरत आणि म्हणत, "आस्ते. लकडीकू डराना नै. उसकू बोल, मेहमान आनेवाला हाय."

लाकडाला सांग, पाहुणा येणार आहे. अब्बांचे सगळे शास्त्र या एका वाक्यात होते. पुढे मी ते वर्गातल्या भाषेत मांडून पाहिले, तेव्हा कळले की त्यात चुकीचे काहीच नाही.

स्क्रूचे दोन भाग असतात. मधला भरीव गाभा आणि त्याभोवती चढलेले आटे. लाकूड पकडतात ते आटे. गाभा फक्त जागा खातो. ती जागा आधी करून दिली नाही, तर गाभा पाचरीसारखा वागतो. तो लाकडाचे तंतू बाजूला रेटतो, आणि लाकूड तंतूंच्या दिशेनेच फुटते. फळीच्या टोकाजवळ तर हमखास. म्हणून भोक गाभ्याएवढे हवे. आट्यांएवढे केले तर आट्यांना धरायला काही उरत नाही, स्क्रू नुसता गरगर फिरतो. आठ नंबरच्या स्क्रूची जाडी साधारण 4 मिलिमीटर. त्याला सागात अब्बा एक सुताचे, म्हणजे 3 मिलिमीटरहून किंचित मोठे भोक पाडत. देवदारासारखे मऊ लाकूड असेल तर पाऊण सुताचे. मऊ लाकूड थोडे दबून जागा देते, कठीण लाकूड देत नाही. त्याला आधीच विचारावे लागते.

पण हे झाले खालच्या लाकडाचे. वरच्या फळीचे भोक वेगळे. ते दीड सुताचे, म्हणजे स्क्रू त्यातून सैल, अडखळल्याशिवाय जाईल असे. मला लहानपणी हे उलटे वाटायचे. दोन फळ्या घट्ट जोडायच्या तर वरचे भोक सैल कशाला? अब्बांनी एकदा मला दोन तुकडे मुद्दाम चुकीचे जोडू दिले. दोन्हीकडे सारखेच बारीक भोक. मी डिसमिस पिळून पिळून तळहात लाल केला, पण दोन तुकड्यांमध्ये नखभर फट राहिली ती राहिलीच. आटे दोन्ही तुकड्यांत रुतले होते. स्क्रू दोघांनाही जिथल्या तिथे धरून बसला होता. वरचे भोक सैल केले तेव्हा स्क्रूच्या डोक्याने वरचा तुकडा खालच्यावर ओढून घेतला आणि फट मिटली. अब्बा हसले. "दोनोंकू पकडेगा तो मिलायेगा कैसा?"

तिसरे काम तोंडाचे. भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा उतार करायचा, म्हणजे स्क्रूचे डोके फळीच्या पातळीत बसते. ना वर येऊन कपड्याला अडकते, ना लाकडाला चिरडते. मग पात्याला दोरा बांधून खोलीची खूण. मग आट्यांवर मेणबत्तीचे टोक घासायचे. त्या काळी वीज जायची आणि मेणबत्तीच्या तुकड्यांना आमच्या घरी तोटा नव्हता. पितळी स्क्रू असेल तर आणखी एक पायरी: पितळ मऊ, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा आणि मग त्या वाटेने पितळी स्क्रू सोडायचा. लोखंडाने वाट करायची आणि मिरवायचे पितळाने, असे अब्बांच्या दुकानातले गडी म्हणत.

पुढे पुस्तकातून मला कळले की स्क्रूला टोकच नसण्याचाही एक काळ होता. जुने स्क्रू खाली बोथट असत. भोक पाडल्याशिवाय ते आत शिरूच शकत नसत. अमेरिकेत थॉमस स्लोन याने 1846 साली टोकदार स्क्रूचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर टोकदार स्क्रू सगळीकडे पसरला. टोक आले आणि माणसाला वाटू लागले की भोकाची गरज संपली. टोक स्क्रूला फक्त सुरुवात करून देते. गाभ्याची जागा ते करत नाही. हे मी अब्बांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हौ. नोक आयी तो अकल गयी."

अब्बा मला कधी कधी सतारमेकर गल्लीत घेऊन जात. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचा धंदा शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अब्बा असते तर गल्लीत पेढे वाटायला गेले असते. तिथे ते मला तंबोऱ्याच्या खुंट्या दाखवत. भोक एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळते. खुंटीही तशीच निमुळती. त्यात लोखंड नाही, आटे नाहीत, तरी तारेचा ताण खुंटी धरून ठेवते, कारण भोक आणि खुंटी एकमेकांसाठी घासून तयार केलेली असतात. अब्बा बराच वेळ बघत उभे राहायचे आणि काही न बोलता निघायचे.

मी मात्र धंद्यात रमणारा नव्हतो. 1984 साली मी वीस वर्षांचा होतो आणि बी.एस्सी. करत होतो. हातात पुस्तक असले की मला दुकानाची लाज वाटायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या वर्षी अब्बा दोन दिवसांसाठी कोल्हापूरला एका कामावर गेले होते. मशिदीतले एक बुजुर्ग दुकानात आले. जनाज्याच्या एका दांडीचा सांधा हलतो आहे, म्हणाले. कधी लागेल सांगता येत नाही, तेवढा नीट करून दे. मी दोन सागवानी पट्ट्या घेतल्या आणि मशिदीत गेलो. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी, प्रत्येक पट्टीला चार स्क्रू. सामता न्यायचा कंटाळा केला. त्या काळी बरेच जण करायचे तसेच केले: स्क्रू हातोडीने अर्धा ठोकला, वर डिसमिसने दोन पिळे मारले. आठ स्क्रू, वीस मिनिटे. सगळे एका ओळीत, दिसायलाही सुंदर. बुजुर्गांनी दुआ दिली आणि पाच रुपये दिले. मी त्या पाच रुपयांचा सिनेमा पाहायचे ठरवले.

चौथ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या खाला वारल्या. अब्बा परत आले होते. असरनंतर जनाजा निघाला. खाला हलक्या, मुठीएवढ्या होत्या. वळणावर खांदा बदलताना मी त्याच दांडीखाली आलो. माझ्या पुढे अब्बा. दहा पावले गेलो असू, तोच कानाजवळ 'कट्' असा आवाज झाला. फार बारीक. कलमा पढणाऱ्या लोकांच्या आवाजात तो कुणालाच ऐकू गेला नाही. मला गेला. आणि पुढे अब्बांची मान किंचित वळली, म्हणजे त्यांनाही गेला.

काही पडले नाही, काही निखळले नाही. पण कब्रस्तानापर्यंतचा उरलेला रस्ता मी कसा चाललो ते मलाच ठाऊक. दुसऱ्यांनी खांदा द्यायला हात पुढे केले तरी अब्बांनी ती दांडी सोडली नाही आणि मीही सोडली नाही. खांद्यावर वजन नव्हतेच. होती ती फक्त भीती.

रात्री इशानंतर अब्बांनी कंदील घेतला, हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली आणि मला मशिदीत नेले. जनाजा मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यांनी कंदील सांध्याजवळ धरला. माझ्या चार स्क्रूंच्या ओळीतून एक चीर गेली होती, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, पट्टीखालच्या दांडीतही उतरलेली. जुना, वाळलेला साग. तंतूंच्या एकाच रेषेवर मी चार पाचरी ठोकल्या होत्या.

मला वाटले, मार बसणार. वीस वर्षांच्या पोराला बसला असता तरी मी बोललो नसतो. अब्बा खाली बसले, चिरेवरून अंगठा फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "दरवाजा खराब बना तो मालक आके झगडा करता. कुर्सी हिली तो बैठनेवाला बोलता. इसपो सोनेवाला उठके शिकायत नै करता, बेटा. इसके वास्ते ये काम सबसे अच्छा करना."

दार वाईट झाले तर मालक येऊन भांडतो, खुर्ची हलली तर बसणारा बोलतो. याच्यावर झोपणारा उठून तक्रार करत नाही. म्हणूनच हे काम सगळ्यात चांगले करायचे.

त्या रात्री आम्ही आठही स्क्रू काढले. चिरेत फेविकॉल सोडला, दांडीला दोर गुंडाळून त्यात काठी घालून पीळ दिला आणि चीर मिटवली. माझ्या जुन्या भोकांत सागाच्या बारीक खुंट्या तासून बसवल्या. फेविकॉल सुकायला रात्र दिली. रात्रभर वाटायचे, आता जर कुणी वारले तर? अल्लाहच्या कृपेने ती रात्र मोहल्ल्यात सुखरूप गेली. फजरनंतर अब्बांनी नव्या खुणा केल्या. एका ओळीत नव्हे, नागमोडी. एक वर, एक खाली, म्हणजे कोणत्याही दोन स्क्रूंच्या वाट्याला तोच तंतू येऊ नये. टोकापासून दोन इंच आत. मी कमान ओढली, त्यांनी मूठ धरली. पट्टीत दीड सूत, दांडीत एक सूत, तोंडाला वाटी. आट्यांना मेण. डिसमिसवर जोर लावावा लागलाच नाही. स्क्रू जणू स्वतःच्या घरात शिरत होते. शेवटच्या पिळाला पट्टी दांडीवर अशी बसली की मध्ये कागद सरकला नसता.

निघताना अब्बांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पाच रुपये दिले. त्यांनी ते मशिदीच्या पेटीत टाकले. या प्रकाराबद्दल पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत, अम्मीजवळही नाही.

1998 साली अब्बा गेले. गुस्ल-कफन झाल्यावर जनाजा आमच्या दाराशी आला, तेव्हा घरात रडण्याचा कल्लोळ होता. माझी नजर मात्र त्या सांध्यावर गेली. चौदा वर्षांत पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. आठ स्क्रूंची डोकी पातळीत बसलेली होती. मी दुसरी कोणतीही दांडी धरली नाही. पुढे एका बाजूला माझा मोठा भाऊ होता, दुसऱ्या बाजूला अब्बांच्या उस्ताद मेस्त्रींचा मुलगा, डोक्याला रुमाल बांधून. कब्रस्तानाच्या रस्त्याला मी कान देऊन चाललो होतो. अब्बा अंगाने भरलेले होते. वळण आले, खांदे बदलले. लाकडाने आवाज केला नाही.

त्यानंतरही बरीच वर्षे तोच जनाजा चालला. मग कमिटीने स्टीलचा आणला. धुवायला सोपा, किडीची भीती नाही. 2020-21 च्या महामारीत तर तोही पडून होता. कितीतरी माणसे दवाखान्यातून परस्पर गाडीने कब्रस्तानात गेली. खांदा द्यायला पोरेही जवळ जाऊ शकली नाहीत. त्या दिवसांत मला मागच्या खोलीतला तो लाकडी जनाजा फार आठवायचा. चार माणसांनी एकाच वेळी, सारख्या उंचीवर एक वजन उचलायचे, ही साधी गोष्ट केवढी मोठी होती, ते ती गेल्यावर कळले.

हे सगळे मी मुलीला ओसरीत बसून सांगितले. सांगताना मध्ये दोनदा थांबावे लागले. तिने मशीनमधून स्क्रू काढून ठेवला होता. मग काही न बोलता बिटांच्या डबीतून 3 मिलिमीटरचे बिट शोधले, स्क्रूच्या गाभ्याशी धरून उजेडाला पाहिले आणि खोलीच्या खुणेसाठी बिटाला चिकटपट्टी लावली. अब्बांचा दोरा, हिची चिकटपट्टी. वरच्या फळीला मोठे बिट वापरायचे हे मी सांगण्याआधीच तिने विचारले, "वरचं सैल ना?" मी हो म्हणालो. मशीनचा वेग कमी करून तिने पहिले भोक पाडले, मध्ये दोनदा बिट बाहेर काढून भुसा झाडला. देव्हारा असो की मिंबर, कोणत्याही सुताराच्या ओसरीत येतो तोच सागाचा वास चाळीस वर्षांनी आमच्या ओसरीत आला.

दुपारपर्यंत तीन कप्पे उभे राहिले. चौथ्या कप्प्याच्या खालच्या आधाराला मी त्या जुन्या सांध्याची दांडी ठेवली होती. पट्ट्या काढल्यामुळे तिचे अंग उघडे पडले होते. मुलीने ती आडवी धरली आणि निरखून पाहिली.

"ही आठ भोकं आजोबांची," ती म्हणाली. "वाकडीतिकडी, पण एकही चिरलेलं नाही." मग तिचे बोट मधल्या सरळ ओळीवर आले, जिथे बुजवलेल्या बारीक खुंट्या आणि त्यांच्यामधून गेलेली केसाएवढी रेषा अजून दिसत होती. "आणि ही सरळ रांग कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

तिने दांडी उलटी केली नाही. ती रेषा बाहेरच्या बाजूला येईल अशीच दांडी बसवली आणि माझ्याकडे मेणबत्तीचा तुकडा मागितला.